रानपिंगळा आणि एक खोटी चिठ्ठी

लंडनच्या वायव्येला ट्रिंग नावाचे छोटे गाव आहे. ब्रिटनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचा पक्षिसंग्रह तिथे असतो. खण ओढला की कापूस भरून शिवलेली कातडी ओळीने उताणी निजवलेली दिसतात आणि प्रत्येकाच्या पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असते. पक्षी कोणी मारला, कुठे मारला, तारीख काय. चिठ्ठी नसलेले कातडे शास्त्राच्या लेखी निव्वळ शोभेचे. पण चिठ्ठी असून ती खोटी निघाली तर? त्याची किंमत आपल्या सातपुड्यातल्या रानपिंगळ्याने मोजली आहे.

हा पक्षी शास्त्राला माहीत झाला तो १८७२च्या डिसेंबरात. आजच्या छत्तीसगडातल्या बसना-फुलझर भागात एफ. आर. ब्लेविट यांनी एक नमुना मिळवला. दुसऱ्याच वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे वर्णन छापले आणि ब्लेविट यांचे नाव पक्ष्याला दिले. हे ह्यूम म्हणजे काँग्रेसच्या स्थापनेतले तेच. पुढे व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञाला ओडिशाच्या बाजूला आणखी एक पक्षी मिळाला. मग १८८०च्या दशकात खानदेशातले इंग्रज अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा-तळोद्याच्या रानातून काही नमुने गोळा केले. शेवटचा १८८४मधला. जगभरातल्या संग्रहालयांत मिळून जेमतेम सात कातडी. त्यानंतर पक्षी जणू जमिनीने गिळला.

अपवाद एकच. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि त्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते : मांडवी, तापीकाठ, ऑक्टोबर १९१४. म्हणजे गुजरातेतली सुरतेजवळची मांडवी. विसाव्या शतकातला नमुना म्हणून दाखवावा असा हा एवढाच. माइनर्ट्झहागेन हे पक्षिशास्त्रातले बडे प्रस्थ, युद्धातल्या हेरगिरीच्या कहाण्यांनी वलयांकित. आपले सलीम अली १९३७ साली त्यांच्याबरोबर अफगाणिस्तानच्या मोहिमेवर गेले होते. अशा माणसाच्या चिठ्ठीवर शंका कोण घेणार? सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या दिग्गजांनीही रानपिंगळ्याचा शोध घेतला. हाती काही लागले नाही. अधूनमधून कोणी फोटो पुढे करी. नीट पाहिले की तो घरामागच्या आंब्यावर बसणारा साधा पिंगळा निघे. हळूहळू पुस्तकांत रानपिंगळ्यापुढे ‘बहुधा नामशेष’ असा शेरा पडू लागला.

१९९०च्या दशकात पामेला रासमुसेन ही अमेरिकन संशोधक दक्षिण आशियातल्या पक्ष्यांच्या पुस्तकासाठी जुनी कातडी तपासत होती. त्याच सुमारास माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातले घोटाळे बाहेर येऊ लागले होते. संग्रहालयातून दुसऱ्यांचे नमुने उचलायचे, चिठ्ठी काढून टाकायची, आपल्या हाताने नवी बांधायची, असा या गृहस्थांचा उद्योग. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी मांडवीचा रानपिंगळा क्ष-किरणांखाली घातला. कातडे सोलण्याची, आत कापूस भरण्याची प्रत्येकाची एक ढब असते. अक्षर बदलता येते, ही ढब लपवणे अवघड. या नमुन्यातला कापूस उसवून पुन्हा भरलेला होता, तरी मूळच्या हाताच्या खुणा उरल्या होत्या. तंतूंची तपासणी थेट एफबीआयच्या तज्ज्ञांकडून करून घेतली गेली. हात जुळला तो डेव्हिडसन यांचा. म्हणजे पक्षी खानदेशातला, १८८०च्या दशकातला, संग्रहालयातून चोरलेला. मांडवीत १९१४ साली काहीही घडले नव्हते.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. एरवी चोरीचे नुकसान चोरीला गेलेल्या वस्तूपुरते असते. या चोरीने पक्ष्याचा पत्ताच बदलला. शोधणारे चुकीच्या दारावर थाप मारत राहिले.

मांडवी नकाशावरून पुसली, तेव्हा उरली ती खरी ठिकाणे. १९९७च्या नोव्हेंबरात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा पालथ्या घालून आले. तिथे निराशा झाली, मग ते शहाद्याला आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी तोरणमाळच्या पायथ्याच्या रानात किंग यांना निष्पर्ण फांदीवर एक ठेंगणा, जाड मानेचा पिंगळा बसलेला दिसला. माथ्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पोट पांढरेशुभ्र, शेपटीवर रुंद पट्टे, पाय पिसांनी भरलेले आणि नख्या शरीराच्या मानाने दांडग्या. ११३ वर्षांनी रानपिंगळा सापडला आणि तोही भर उजेडात, बिनधास्त बसलेला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा झाला १९९८च्या जुलैत.

हा काही रात्री गुपचूप हिंडणारा पक्षी नव्हे. रानपिंगळा दिवसाही शिकार करतो. विरळ सागाच्या रानात उंच, मोकळ्या फांदीवर बसून खाली पाहत राहतो, शेपटी झटक्याने हलवतो आणि सरडा किंवा उंदीर दिसला की झेपावतो. घरटे जुन्या झाडाच्या ढोलीत. मादी अंडी उबवते तेव्हा नर अन्न आणून देतो. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी लगेचच्या काही वर्षांत जो अभ्यास केला, त्यात नराने पिल्लू खाल्ल्याचीही नोंद आहे. घुबडाच्या कुळात हे अगदीच अघटित नाही, पण मूठभर उरलेल्या पक्ष्याबाबत ते वाचताना पोटात गोळा येतो.

आता तळोद्याची गोष्ट. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्राणी-अक्कलकुव्याची गावे जाणार होती. त्या आदिवासींच्या पुनर्वसनासाठी १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात तळोद्याची सुमारे ४२०० हेक्टर वनजमीन मोकळी केली गेली. डेव्हिडसन यांना रानपिंगळा मिळाला तो याच टापूत. जमीन देण्याचा निर्णय झाला तेव्हा पक्षी सापडायचा होता आणि कागदोपत्री त्याची शेवटची नोंद होती गुजरातेत! खरी चिठ्ठी समोर असती तर निर्णय फिरला असता असे मी म्हणणार नाही. धरणग्रस्तांना जमीन हवीच होती आणि घुबडासाठी माणसे ताटकळत ठेवा असे कोण म्हणेल? पण कोणते रान द्यायचे, कोणते राखायचे हा प्रश्न निदान विचारला गेला असता. तो विचारलाच गेला नाही. धरणाने एकदा उठवलेल्या माणसांना घुबडाचे शत्रू ठरवण्याची घाई आपण शहरी पर्यावरणप्रेमींनी करू नये, एवढेही इथेच सांगतो.

पुढची वीस वर्षे तुलनेने आशेची. मेळघाट हा रानपिंगळ्याचा सर्वांत भक्कम गड असल्याचे दिसून आले. मध्य प्रदेशात खकनारच्या रानात तो मिळाला. पुण्याच्या प्राची मेहता आणि जयंत कुलकर्णी यांनी मेळघाटात आणि मध्य प्रदेशात वर्षानुवर्षे नेटाने काम केले. २०१४ साली तानसा अभयारण्यात तो दिसला तेव्हा पक्षिमित्रांनी तोंडात बोटे घातली. तानसा म्हणजे मुंबईला पाणी पाजणारा तलाव, शहरापासून जेमतेम शंभर किलोमीटर. तिथे तो नव्याने आला असेल असे वाटत नाही. आपण तिथे पाहत नव्हतो, इतकेच. २०१८ साली त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आणले गेले. याचा अर्थ सगळीकडे पक्षी वाढले असा नाही, माहीत झालेली ठिकाणे वाढली. प्रौढ पक्ष्यांचा जागतिक अंदाज अजून हजाराच्या आतच आहे आणि हे सगळे पक्षी भारतातच.

मेळघाट आणि तानसा संरक्षित आहेत. पण शहादा-तळोद्याचे रान राखीव वन आहे, अभयारण्य नव्हे. तिथे अतिक्रमण, वणवा, सरपणासाठी तोड आणि घुबडाविषयीच्या अंधश्रद्धा या सगळ्यांशी पक्ष्याची रोजची गाठ. माझ्या मते तिथे पुन्हा नवे अभयारण्य जाहीर करून तारा ओढण्यापेक्षा ढोल्यांची जुनी झाडे राखणे आणि वनहक्क मिळालेल्या गावांना त्या राखणीत मान आणि मोबदला देणे जास्त उपयोगाचे ठरेल. जुने, पोकळ झाड लाकूडतोड्याच्या हिशेबात कुचकामी असते. रानपिंगळ्याचा संसार त्यातच थाटलेला असतो.

या दिवाळीच्या सुटीत तोरणमाळला किंवा मेळघाटात जाणाऱ्यांना एक विनंती. दिवसाउजेडी सागाच्या शेंड्यावर बिनठिपक्यांच्या माथ्याचा पिंगळा दिसला, तर लांबूनच पाहा. जवळ यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका, घरट्याचे ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका. नोंद मात्र जरूर करा आणि ती वनखात्याला किंवा अभ्यासकांना कळवा. खात्री नसेल तर तसेच लिहा. जागा आणि तारीख मात्र जशी असेल तशीच लिहा.