एक मथळा, तीन वर्तमानपत्रं

नांदेड आणि लातूर या दोन शेजाऱ्यांचं एका बातमीवर एकमत होणं अवघड. २००९च्या सुरुवातीला औरंगाबाद महसूल विभागाचं विभाजन करून नवं आयुक्तालय नांदेडला द्यायचं राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं. नांदेडात आनंद झाला, लातूर रस्त्यावर उतरलं. अशा दिवशी दोन्हीकडे एकच मथळा चालूच शकत नाही. मथळा लावणारा उपसंपादक त्याच शहरात राहतो आणि सकाळी चहाच्या टपरीवर त्याला गाठून विचारणारे लोकही तिथेच असतात. जिल्ह्याच्या पत्रकारितेचा जीव या ओळखीत आहे.

म्हणून त्याच वर्षी ऑक्टोबरात जे घडलं, ते आठवलं की आजही हसू येतं. विधानसभेचं मतदान १३ तारखेला होतं. मुख्यमंत्री अशोक चव्हाण नांदेड जिल्ह्यातल्या भोकरमधून उभे होते. मतदान तोंडावर आलेलं असताना ‘लोकमत’, ‘पुढारी’ आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’ या तीन स्पर्धक दैनिकांत त्यांच्या गौरवाचा लेख आला. ‘तरुण, गतिमान नेतृत्व’ अशा अर्थाचा मथळा तिन्हीकडे सारखा आणि खालचा मजकूरही शब्दशः तोच! एरवी एकमेकांच्या आधी बातमी गाठायला धडपडणारी ही वर्तमानपत्रं, पण कौतुक करताना तिघांना एकच वाक्यरचना सुचली. याशिवाय ‘अशोक पर्व’ नावाची रंगीत पानं निघाली, ती वेगळीच. पत्रकार पी. साईनाथ यांनी नोव्हेंबरात ‘द हिंदू’मध्ये ही कात्रणं शेजारी शेजारी मांडली, तेव्हा देशाला हा योगायोग कळला.

त्या मथळ्याकडे कारागिरीच्या नजरेनं पाहा. त्यात क्रियापद नाही, गाव नाही, घटना नाही. नाव बदललं की तो लातूरला चालतो, परभणीला चालतो, पुढच्या निवडणुकीलाही चालतो. सोयरीक जुळवणाऱ्यानं प्रत्येक मुलाला ‘मनमिळाऊ, निर्व्यसनी’ म्हणावं, तसा हा प्रकार. असे मथळे आपण वाढदिवसाच्या पुरवण्यांत वर्षानुवर्षं वाचत आलो आणि हसून पान उलटत आलो. या खेपेला मात्र पान उलटून भागलं नाही.

चव्हाण लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. त्यांच्या निवडणूक खर्चाच्या हिशेबात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींसाठी ५,३७९ रुपये दाखवले होते आणि केबलवरच्या जाहिरातींसाठी ६,०००. एकीकडे रंगीत पानांची चळत, दुसरीकडे पाच हजारांचा आकडा! पराभूत उमेदवार डॉ. माधवराव किन्हाळकर यांनी निवडणूक आयोगाकडे तक्रार केली. आपण पैसे दिले नाहीत, असं चव्हाणांचं म्हणणं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. उमेदवारानं दिलेला हिशेब खरा आहे की नाही, हे तपासायचा अधिकार आयोगाला आहे, असं न्यायालयानं ५ मे २०१४ रोजी स्पष्ट केलं. जुलैत आयोगानं चव्हाणांविरुद्ध आदेश काढून त्यांना नोटीस बजावली, सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. म्हणजे चव्हाणांना शिक्षा झाली नाही, हे स्वच्छ सांगितलं पाहिजे. पण आयोगाच्या अधिकारावरचा तो निकाल देशभरासाठी झाला, आणि त्याचं मूळ भोकरच्या तक्रारीत आहे.

पेड न्यूजच्या, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या मजकुराच्या, चौकशीसाठी प्रेस कौन्सिलनं परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती या निवडणुकीआधीच नेमली होती. तिनं २०१० साली नावानिशी लिहिलेला अहवाल कौन्सिलनं बाजूला ठेवला आणि आटोपशीर अहवाल स्वीकारला. मूळ अहवाल लोकांपुढे यायला केंद्रीय माहिती आयोगाचा २०११चा आदेश लागला. जून २०१०मध्ये निवडणूक आयोगानं पेड न्यूजवर सूचना काढल्या. ती कशी ओळखायची, याचे नमुनेही पुढे ठरले. स्पर्धक वर्तमानपत्रांत साधारण एकाच वेळी वेगवेगळ्या लेखकांच्या नावानं तोच लेख, तोच फोटो, तोच मथळा येणं, हा त्यातला एक. वाचताना नांदेडची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. दुसरा नमुना तर माझा फारच आवडता: एकाच पानावर दोन विरोधी उमेदवारांचं कौतुक, आणि दोघांचाही विजय नक्की!

अशा कौतुकानं खरोखर आमदारकी गेली ती उत्तर प्रदेशात. बिसौलीच्या उमलेश यादव यांनी अशा मजकुराचा २१,२५० रुपयांचा खर्च लपवल्याचं ठरवून आयोगानं त्यांना ऑक्टोबर २०११मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र केलं.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. तालुक्याच्या वार्ताहराला मिळणारं मानधन तुटपुंजं, आणि त्याची खरी कमाई पुरवणीसाठी आणलेल्या जाहिरातींच्या कमिशनवर. ज्याच्याकडे सकाळी जाहिरात मागायची, त्याच्याबद्दल संध्याकाळी खरी बातमी कशी लिहायची? पाणी, रस्ता, पीकविमा यांवर नेमका मथळा देऊ शकणारी माणसं या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. त्यांच्या हातात ‘तडफदार नेतृत्व’ देणारी व्यवस्था वरून येते.

आता निवडणूक लागली की जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती बसते. तिथली मंडळी जिल्ह्यातली वर्तमानपत्रं रोज चाळतात आणि संशयित मजकूर बाजूला काढतात. उमेदवाराला नोटीस जाते, ४८ तासांत उत्तर द्यावं लागतं, आणि ते पटलं नाही तर त्या जागेच्या जाहिरातीचा दर त्याच्या खर्चात धरला जातो.