मालवणला स्कूबा करताय? आधी टाकीच्या खांद्यावरचे आकडे वाचा

वाणगाव : सुट्टी लागली की वाणगाव, बोईसर, चिंचणीकडची बरीच मंडळी वसईहून कोकण रेल्वे पकडून कुडाळला उतरतात आणि मालवण-तारकर्ली गाठतात. समुद्र आपल्याकडेही आहे, पण डहाणू-चिंचणीचं पाणी गढूळ. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला पाणी त्या मानाने नितळ, म्हणून स्कूबा तिकडे. पोरं पैसे भरतात, फोटो काढतात, पाण्यात उडी घेतात. ज्या टाकीवर श्वास चालणार तिच्याकडे मात्र कुणी बघत नाही.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ती 'ऑक्सिजनची टाकी' नव्हे. तिच्यात आपण घेतो तीच साधी हवा असते, फक्त दाबून भरलेली. नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या टाकीत पाणी भरलं तर ११ लिटर मावेल. तेवढ्याच जागेत २०० बार दाबाने सुमारे २,२०० लिटर हवा कोंबतात. मोटारीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार असतो, त्यावरून अंदाज घ्या. सीएनजी रिक्षाच्या सिलिंडरमध्येही असाच २०० बारपर्यंत दाब असतो.

ही हवा पुरते किती? दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, म्हणून हवाही दुप्पट लागते. वर मिनिटाला २० लिटर घेणारा माणूस तिथे ४० लिटर घेतो. शेवटचे ५० बार राखीव ठेवले तर चाळीसेक मिनिटं मिळतात. घाबरून धापा टाकणाऱ्याची टाकी निम्म्या वेळातच उतरते.

आता देखभाल. टाकीचा खरा वैरी खारं पाणी. बाहेरून लागलेलं गोड्या पाण्याने धुता येतं, पण बुडाच्या रबरी टोपीखाली मीठ आणि वाळू अडकून राहते. ती टोपी काढून धुण्याचा कंटाळा केला की धातू तिथूनच खायला सुरुवात होते. त्याहून वाईट म्हणजे पाणी आत शिरणं. टाकी पूर्ण रिकामी करून व्हॉल्व्ह उघडा ठेवला की हे होतं, म्हणून जाणकार थोडा दाब शिल्लक ठेवतातच. पोलादी टाकी आतून गंजली तर गंज हवेतला ऑक्सिजन खातो. बरेच महिने भरून पडलेल्या अशा टाकीचा काटा पूर्ण दाब दाखवतो, पण आतली हवा श्वास घेण्यालायक राहिलेली नसते. काट्याला हे कळत नाही.

म्हणून वर्षातून एकदा व्हॉल्व्ह काढून आत दिवा सोडून टाकी तपासायची पद्धत जगभर आहे. शिवाय ठरावीक वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी होते. अमेरिकेत ती दर पाच वर्षांनी. आपल्याकडे सीएनजी गाड्यांच्या सिलिंडरना दर तीन वर्षांनी करावी लागते, आणि सिलिंडरचे नियम बघणाऱ्या 'पेसो'चं मुख्यालय नागपुरात आहे. या चाचणीत टाकीत पाणी भरून नेहमीपेक्षा बराच जास्त दाब देतात आणि ती किती फुगते, दाब काढल्यावर पूर्ववत होते का, हे मोजतात. हवा न वापरता पाणीच का? पाणी फारसं दबत नाही. टाकी फाटलीच तर पाणी सांडतं, स्फोट होत नाही.

पास झालेल्या टाकीच्या खांद्यावर, म्हणजे गळ्याखालच्या गोलाईवर, महिना आणि वर्ष ठोकतात. घरच्या गॅस सिलिंडरवर ए-बी-सी-डी आणि वर्ष बघतो ना, तसंच. तारीख रंगाखाली बुजली असेल तर दुकानदाराला विचारा. शेवटची चाचणी कधी झाली, हे विचारण्यात लाजायचं काय?

हवा भरणारा कॉम्प्रेसर हा दुसरा मुद्दा. तो इंजिनवर चालत असेल आणि धुराच्या वाऱ्यातच हवा ओढत असेल, तर कार्बन मोनॉक्साइड थेट टाकीत जातो. त्याला वास नसतो, पण बरोबर येणाऱ्या धुराला, तेलाला असतो. पाण्यात उतरण्याआधी होडीवरच दोन-चार श्वास घ्या. तेलकट वा जळकट चव आली तर ती टाकी नको म्हणा. श्वास घेताना काट्याकडेही बघा. सुई प्रत्येक श्वासाला खाली-वर नाचत असेल तर बहुतेक वेळा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नसतो. गळ्याशी सतत फुसफुस होत असेल तर रबरी रिंग गेलेली असते. रिंग दोन मिनिटांत बदलता येते, त्यामुळे 'चालतंय हो' हे उत्तर ऐकून घेऊ नका.

काही जण जुनी टाकी स्वस्तात घेऊन ठेवतात. १९८८ च्या आधीच्या काही ॲल्युमिनियम टाक्या ६३५१ नावाच्या मिश्रधातूच्या होत्या आणि त्यांच्या गळ्याला चिरा पडल्याची प्रकरणं परदेशात घडली आहेत. अशी टाकी कितीही चकचकीत दिसली तरी घेऊ नये. आणि कुठलीही टाकी भरून घेतल्यावर मे महिन्याच्या उन्हात बंद गाडीच्या डिकीत टाकून वाणगावपर्यंत आणू नये.