माळ्यावरचा रेडिओ विकायचाय?

दिवाळीच्या आधी माळा झाडायला काढला, की तांब्याचा बंब, झोपाळ्याच्या कड्या आणि जुन्या पातळात गुंडाळलेला व्हॉल्व्हचा रेडिओ हमखास खाली येतो. तांब्या-पितळेचं वजन करता येतं. रेडिओचं मात्र काय करावं ते कळत नाही. तो लागत नाही, जागा खातो आणि टाकवतही नाही. मग एक दिवस भंगारवाला शे-दीडशे रुपये हातावर ठेवतो आणि प्रश्न मिटतो. तो असा मिटवू नका, हे सांगायलाच आज लिहायला बसले आहे.

मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं १९२७ साली, विविध भारती आली १९५७ साली. त्या काळात रेडिओ म्हणजे घरातली मोठी खरेदी. त्यासाठी पोस्टात दरवर्षी परवान्याचे पैसे भरावे लागत! पुढे ट्रान्झिस्टर स्वस्त झाले आणि हे भलेमोठे सेट माळ्यावर गेले. आज त्यांची हौस असलेली, ते उघडून पुन्हा बोलते करणारी माणसं आहेत. तुमच्या बंद रेडिओला गिऱ्हाईक आहे, ते हेच.

आमच्या घरचा रेडिओ मामंजींनी १९६७ साली, लग्नाच्या वर्षी, बोनसमधून घेतलेला. लाकडी पेटी, पुढे जाळीचं कापड, काचेच्या पट्टीवर गावांची नावं आणि स्टेशन नीट लागलं की मिटत येणारा हिरवा डोळा. गेली तीस वर्षं तो मुका होता. ह्यांचं म्हणणं, आधी दुरुस्त करू, मग विकू. दुरुस्तीचा अंदाज निघाला सहा हजार. एका दुकानदाराने सांगितलं, “वहिनी, आतलं सगळं काढून टाका, ब्लूटूथ बसवा, लगेच खपेल.” आम्ही दोन्ही केलं नाही. का, ते ऐका.

दुरुस्तीला घातलेला पैसा विक्रीत परत येईलच असं नाही. हौशी माणसाला ते काम स्वतःच्या हाताने करायचं असतं. आतलं यंत्र काढलं तर त्याच्या दृष्टीने उरते नुसती पेटी. तेव्हा आहे तसाच विका आणि जे बिघडलंय ते स्पष्ट सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. “चालतो का बघू” म्हणून प्लग लावू नका! इतकी वर्षं पडून राहिलेल्या सेटमधले कंडेन्सर खराब झालेले असतात. एकदम पूर्ण वीज दिली, तर ते फुटतात आणि सोबत ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. जाणकार माणूस आधी कंडेन्सर तपासतो, मग मालिकेत बल्ब लावून बेताबेताने वीज देतो. काही सेटमध्ये आतल्या पत्र्यातच वीज उतरलेली असते आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये ती थोडा वेळ साठून राहते. म्हणून आत बोट घालू नका, मुलांनाही घालू देऊ नका. गिऱ्हाइकाला सरळ सांगायचं, “आम्ही लावून पाहिलेला नाही.” त्याला हेच हवं असतं.

दुसरी गोष्ट साफसफाईची. आपला हात लगेच ओल्या फडक्याकडे जातो, हो की नाही? इथे तो आवरा. काचेच्या पट्टीवरची अक्षरं ओल्या फडक्याने पुसली जातात. व्हॉल्व्हवरचे नंबरही बोट फिरवलं तरी जातात. लाकडी पेटीला नवं पॉलिश नको, बेकेलाइटच्या पेटीला स्पिरिट-थिनर नको. मऊ कोरड्या फडक्याने वरची धूळ काढायची, बस्स. वाळवी मात्र नीट बघा, आणि असेल तर तीही सांगा.

पाठीमागचा भोकांचा पुठ्ठा, निघालेलं बटण, खरेदीची पावती, परवान्याची वही, यातलं काही फेकू नका. एक मूळचं बटण हरवलं, तर तसंच दुसरं शोधायला बाजार पालथा घालावा लागतो. सुटं सापडेल ते एका पिशवीत घालून रेडिओबरोबर द्या.

फोटो दिवसाच्या उजेडात काढा. समोरून, दोन्ही बाजूंनी, मागून आणि मॉडेलचा नंबर लिहिलेल्या चिठ्ठीचा जवळून. तडा असेल तर त्याचाही. भाव ठरवताना लोक काय मागतात यावर जाऊ नका. मागितलेला आणि मिळालेला भाव यांत पुष्कळ अंतर असतं. दोन-तीन ठिकाणी विचारा. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार ही नावं आपण ऐकतो, पण तिथला दुकानदार स्वतःचा नफा धरूनच भाव देणार. हौशी माणूस थेट भेटला तर बरं पडतं.

इंटरनेटवर जाहिरात दिलीत, तर एक लक्षात ठेवा, बरं का! पैसे घेण्यासाठी आपला पिन लागत नाही. “हा कोड स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील” असं कुणी म्हणालं, की फोन ठेवून द्या. पैसे खात्यात आलेले बघावेत, मगच वस्तू हलवू द्यावी. “बंद स्थितीत, आहे तसा विकला” अशी दोन ओळींची चिठ्ठी करून दोघांनी सही करावी. शक्यतो गिऱ्हाइकाला घरी येऊन न्यायला सांगा. व्हॉल्व्ह काचेचे असतात, पार्सलात टिकतीलच असं नाही. आणि त्या वेळी घरात दुसरं कुणीतरी असू द्या.

आमचा रेडिओ शेवटी चार हजार दोनशेला गेला. निवृत्त वीज अभियंता होते ते. मागचा पुठ्ठा काढून बघितला, हिरवा डोळा बहुधा मंद झाला असेल म्हणाले आणि घासाघीस न करता पैसे दिले.

आता जरा नाजूक गोष्ट. वस्तू कुणाची, हे विकण्याआधी विचारा. माळ्यावरचं सगळं घराचं, असं आपण धरून चालतो. घरात आम्ही दोघं दुरुस्ती की भंगार यावर बोलत होतो, तेव्हा सासूबाई गप्प होत्या. शाळेतून आल्यावर मीच एकदा विचारलं, “आई, तुम्हाला काय वाटतं?” त्या म्हणाल्या, “अगं, वीक की. मला कुठे तो डोक्यावर घ्यायचाय? पण ज्याला त्यातलं कळतं त्याला दे. मोडीत घालू नको.” भंगारवाल्याला नाही म्हणायला मला एवढं पुरेसं होतं.

आणि पैसे? ते दिवाळीच्या खर्चात मिसळायला कितीसा वेळ लागतो! ह्यांना मी म्हटलं, हे आईंचे आहेत. सासूबाई शहात्तर वर्षांच्या. इतकी वर्षं संसार केला, पण ‘ही माझी रक्कम’ असं म्हणायला त्यांच्या हातात क्वचितच काही पडलं. तुमच्या-माझ्या ओळखीत अशा किती बायका आहेत, मोजून बघा. चार हजार दोनशे रुपये त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते दोनदा मोजले आणि कपाटात ठेवले. पुढे त्याचं काय केलं, ते आम्ही विचारलेलं नाही. तुम्हीही विचारू नका.