चाल बदलली, तिकडे लक्ष द्या

घरातील वडीलधारे माणूस हळूहळू पाय ओढत चालू लागते. चप्पल फरफटते, उंबरठ्याला अंगठा अडखळतो, घाटी उतरताना दुसऱ्याचा हात धरावा लागतो. विचारले तर उत्तर ठरलेले असते, "वय झाला आता, काय करूचा?" घरचेही तसेच समजतात. मग एखाद्या पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावरून किंवा न्हाणीत पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि कालपर्यंत आपल्या पायांनी बाजाराला जाणारी व्यक्ती अंथरुणाला खिळते. खोलात जाऊन चौकशी केली की पुष्कळदा कळते, चाल काही महिने आधीच बदलली होती.

ताप, नाडी, रक्तदाब यांची आपण मोजणी करतो. चालही मोजता येते, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते.

चालणे म्हणजे काय?

एका पायाची टाच जमिनीला टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत चालीचे एक आवर्तन होते. त्यातील सुमारे ६० टक्के काळ तो पाय जमिनीवर व ४० टक्के काळ हवेत असतो. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असण्याचा काळ जेमतेम २० टक्के. म्हणजे बहुतेक वेळ आपण एका पायावरच तोल सांभाळत असतो. तोलाची खात्री वाटेनाशी झाली की माणूस नकळत पाय फाकवून, आखूड पावले टाकत, दोन्ही पाय जास्त वेळ जमिनीवर ठेवून चालतो.

निरोगी प्रौढ माणूस सेकंदाला सुमारे १.२ ते १.४ मीटर चालतो. या साध्या क्रियेत मेंदू, मज्जातंतू, स्नायू, सांधे, डोळे, कानातील तोलाचे इंद्रिय, हृदय आणि फुफ्फुसे या सर्वांचा वाटा असतो. म्हणून यांपैकी काहीही बिघडले तरी चालीवर परिणाम होतो. ३४ हजारांहून अधिक वृद्धांच्या माहितीवरून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात चालण्याच्या वेगाचा आयुर्मानाशी संबंध दिसून आला. सेकंदाला ०.८ मीटरपेक्षा कमी वेग असेल तर तपासणी करावी, असे आज मानले जाते.

मऊ वाळूत चालायला कठीण जमिनीपेक्षा दुपटीहून अधिक शक्ती लागते. त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर, रापणीला जाणाऱ्या माणसाला पायातील उणीव रस्त्यावर जाणवण्याआधी वाळूत जाणवू शकते.

मोजणीची सुरुवात

१८७८ साली मायब्रिज या छायाचित्रकाराने अमेरिकेत धावत्या घोड्याची ओळीने छायाचित्रे घेतली. पुढे फ्रान्समध्ये मारे यांनी माणसाच्या हालचाली तशाच टिपल्या. दुसऱ्या महायुद्धात पाय गमावलेल्या सैनिकांना चांगला कृत्रिम पाय देण्यासाठी या अभ्यासाला मोठी चालना मिळाली. आपल्याकडे पुण्याचे लष्करी कृत्रिम अवयव केंद्र १९४४ सालचे, तर मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ सालची.

माणूस कोठे आणि कसा चालतो, हे पाहिल्याशिवाय पाय बनवता येत नाही. परदेशी पाय बुटात घालण्यासाठी बनवलेला होता. आपला माणूस अनवाणी शेतात उतरतो, उकिडवा बसतो, मांडी घालतो. हे ध्यानात घेऊन डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास जयपूर फूट तयार केले.

आजच्या प्रयोगशाळेत रुग्णाच्या खुब्यावर, गुडघ्यावर, घोट्यावर चमकणारे छोटे गोळे चिकटवतात. भोवतालचे कॅमेरे त्या गोळ्यांची हालचाल टिपतात. जमिनीत बसवलेल्या पट्ट्या पावलाचा जोर मोजतात आणि कातडीवर लावलेल्या तारा कोणता स्नायू केव्हा काम करतो ते सांगतात. संगणक या सर्वांचा मेळ घालतो.

याचा उपयोग एका उदाहरणाने पाहू. जन्माच्या सुमारास मेंदूला इजा झालेले मूल चवड्यांवर चालते. पाहणाऱ्याला वाटते, टाचेची शीर आखडली आहे, ती सैल केली की झाले. पण मूळ दोष गुडघ्यात किंवा खुब्यात असेल आणि टाचेची शीर वाजवीपेक्षा सैल केली, तर मूल पुढे गुडघे वाकवून, खाली बसल्यासारखे चालू लागते. ते सुधारणे अधिक कठीण. मोजमाप केल्याने कोठे शस्त्रक्रिया करावी आणि कोठे करू नये, हे आधी ठरवता येते.

घरी काय पाहाल?

प्रयोगशाळा मोठ्या शहरांत असतात. पण डोळे उघडे ठेवले तर बरेच काही घरीच दिसते.

चालताना पाऊल लोंबत असेल व गुडघा उंच उचलून पाऊल आपटत असेल, तर गुडघ्याच्या बाहेरील बाजूची नस निकामी झालेली असू शकते. नस दाबली जाणे, मधुमेह किंवा कुष्ठरोग ही त्याची कारणे असू शकतात. कुष्ठरोगाची औषधे सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात आणि नस बिघडल्यापासून सहा महिन्यांच्या आत उपचार झाले तर पाऊल पुन्हा उचलू लागण्याची शक्यता चांगली असते. लाजेखातर लपवले तर ती संधी जाते.

चालताना एकच हात हलेनासा झाला, पावले आखूड झाली, वळताना अडखळू लागली, तर कंपवाताची शंका घ्यावी. हाताला कंप नसला तरीही. पाय जमिनीला चिकटल्यासारखे वाटणे, लघवीवर ताबा न राहणे आणि विस्मरण ही तीन लक्षणे एकत्र आली तर मेंदूत पाणी साठले असण्याची शक्यता असते. योग्य रुग्ण निवडला तर शस्त्रक्रियेने हा आजार सुधारतो. दिवसा ठीक चालणारा माणूस अंधारात झोकांड्या खात असेल, तर मधुमेह व ब-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे.

चाल अचानक, काही मिनिटांत बिघडली, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात समजून ताबडतोब रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवण्याचे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

घड्याळ आणि खुर्ची

१९९१ साली प्रसिद्ध झालेली एक साधी चाचणी आजही जगभर वापरली जाते. हाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. तिच्यापासून ३ मीटरवर खडूने रेघ मारा. शिंप्याची टेप दीड मीटरची असते, ती दोनदा लावली की झाले. "उठा" म्हटल्यावर त्या व्यक्तीने उठावे, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जावे, वळून परत यावे आणि बसावे. नेहमीची चप्पल व काठी चालेल. शेजारी कुणीतरी उभे राहावे. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे.

जाता जाता काठीविषयी. उजवा खुबा किंवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरावी. पुष्कळजण उलट करतात. एका पायावर उभे राहताना खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीनपट भार येतो, कारण कंबर सावरण्यासाठी स्नायूंना जोराने ओढावे लागते. विरुद्ध हातातील काठी हे काम वाटून घेते. हात सैल सोडून उभे राहिले असता काठीची मूठ मनगटाशी यावी.

रोज पाहणाऱ्याला हळूहळू होणारा बदल दिसत नाही. वर्षाने येणाऱ्याला दिसतो. म्हणून चतुर्थीला घरी आलेल्या चाकरमान्यांनी आईवडिलांची ही चाचणी एकदा घ्यावी आणि लागलेले सेकंद भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावेत. पुढच्या वर्षी आकडा वाढलेला दिसला तर वयाला दोष देत बसू नये. जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा ओरोसच्या सरकारी रुग्णालयात दाखवून कारण शोधावे. पडल्यानंतर जाण्यापेक्षा, पडण्याआधी गेलेले केव्हाही बरे.