टॅक्सीने जगवलेली फियाट

जुनी मोटार बाळगण्याचा छंद दोन गोष्टींवर टिकतो: सुटे भाग मिळतात की नाही, आणि आरसी बुकातला मजकूर गाडीशी जुळतो की नाही. हौस आणि पैसा यांचा नंबर त्यानंतर. युरोप-अमेरिकेत या छंदाची एक गजबजलेली शाखा बीएमडब्ल्यूची आहे. १९८२ साली आलेली ई-३० ही थ्री सिरीज आणि तिच्या पाठच्या ई-३६, ई-४६ या गाड्या तिकडे लोक घरच्या शेडमध्ये उघडतात, जोडतात, हवी तशी बदलतात. हे जमते, कारण जुन्या गाड्यांचे भाग कंपनी अजून पुरवते. त्यासाठी तिने ‘क्लासिक’ नावाचा वेगळा विभागच ठेवला आहे.

भारतात कंपनीचा चेन्नईजवळचा कारखाना २००७ साली सुरू झाला. त्याआधीची बीएमडब्ल्यू जबर आयातशुल्क भरून आलेली, म्हणून मोजकी. चेन्नईत जोडलेल्या पहिल्या ई-९० थ्री सिरीज गाड्यांनी आता पंधरा वर्षे ओलांडली आहेत आणि जुन्या बाजारात त्या नव्या छोट्या गाडीच्या भावात मिळतात. घेणारा फसतो तो इथेच. त्यांतल्या ३२०डी मध्ये आलेल्या एन-४७ या डिझेल इंजिनाची टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. ती खडखडू लागली की नुसत्या चेनसाठी गिअरबॉक्स, नाहीतर अख्खे इंजिन खाली घ्यावे लागते. त्या काळच्या बीएमडब्ल्यूंत पाण्याची टाकी आणि कुलिंगचे बरेच जोड प्लास्टिकचे असतात, उष्णतेने आणि वयाने ते तडकतात. माळशेज घाट चढताना टाकी फुटली, तर आळेफाट्यापर्यंत टोचन लावायचे आणि भाग येईपर्यंत गाडी फाट्यावर सोडून एसटीने घरी जायचे.

आळेफाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. अशा चौकातल्या गॅरेजांचे पोट ट्रक, पिकअप आणि ट्रॅक्टरवर चालते. तिथला मिस्त्री कानाने इंजिन ओळखतो आणि हाताने उघडतो. लॅपटॉप लावल्याशिवाय दोष न सांगणारी गाडी त्याच्या कामाची नाही. त्याच्या हाताला जमणारी आणि छंद म्हणूनही जपली जाणारी मोटार महाराष्ट्रात एकच: कुर्ल्याची फियाट, म्हणजेच प्रीमियर पद्मिनी.

या गाडीचे मूळ एका जुन्या भांडणात आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, साखर कारखाना आणि त्याभोवती वालचंदनगर वसवले होते. १९३० च्या दशकात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी भारतात मोटार कारखाना काढण्याची योजना आखली, आणि वालचंदांनी ती उचलून धरली. मोटारीच्या बोलणीसाठी ते १९३९ साली अमेरिकेला गेले. परतीच्या प्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या विमान व्यवसायातल्या माणसाशी पडली, आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. मोटार आणायला गेलेला माणूस विमानाचा कारखाना घेऊन आला! पुढच्याच वर्षी विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या गोदीची पायाभरणी झाली. मोटार मात्र अडली. क्रायस्लरशी बोलणी पक्की होत आली होती, पण दिल्लीच्या इंग्रज सरकारने मोटार कारखान्याला युद्धोपयोगी उद्योग मानायलाच नकार दिला. युद्धासाठी गाड्या हव्या होत्या, पण त्या बाहेरून आलेल्या. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ साली कुर्ल्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. त्या क्रायस्लरच्या घराण्यातल्या होत्या. फियाटशी करार त्यानंतरचा. वालचंद १९५३ साली वारले, त्यामुळे ज्या गाडीने त्यांची कंपनी घरोघरी पोचली, तिचा सुकाळ त्यांना पाहायला मिळाला नाही.

पन्नाशीच्या दशकातली गोलमटोल फियाट-अकराशे ती ‘डुक्कर फियाट’. १९६४ साली चौकोनी अंगाची ‘डिलाइट’ आली. सत्तरच्या दशकात इटालियन नाव गळाले, गाडी काही काळ ‘प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’. अंग तेच, इंजिन तेच. नव्या शतकाच्या तोंडावर उत्पादन थांबेपर्यंत ती फारशी बदललीच नाही. हा कंपनीचा आळस होता आणि सरकारी धोरणाचाही. मोटारींच्या किमती सरकार ठरवत असे. १९६९ साली बांधून दिलेल्या किमतींविरुद्ध प्रीमियर सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने चौकशी आयोग नेमला आणि १९७१ साली निकाल देताना गुंतवलेल्या भांडवलावर १६ टक्के परतावा रास्त मानला. गाडीसाठी आगाऊ पैसे भरून वर्षानुवर्षे थांबणाऱ्या गिऱ्हाइकाला या निकालाने काय मिळाले, हा प्रश्न वेगळा. ज्या बाजारात माल न बदलताही खपतो, तिथे माल बदलत नाही. पण छंदाच्या दृष्टीने हाच आळस वरदान ठरला: साठच्या दशकातल्या डिलाइटला ऐंशीच्या पद्मिनीचे कितीतरी भाग बसतात.

आणि हे भाग पुढेही मिळत राहिले, ते टॅक्सीमुळे. मुंबईच्या रस्त्यावर फियाट टॅक्सी डिलाइटपासूनच आली. ऐन भरात शहरातल्या टॅक्सींची संख्या साठ हजारांच्या वर होती आणि त्यांत बहुसंख्य पद्मिनी. रात्रंदिवस धावणाऱ्या एवढ्या गाड्यांना क्लचप्लेट, किंगपिन, हेडचे पॅकिंग सतत लागे. म्हणून कुर्ल्याचा कारखाना बंद पडल्यावरही ऑपेरा हाउसच्या दुकानांत नवे आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारातले भाग येत राहिले. पुण्यात नाना पेठेने तेच केले. हौशी मालक आपल्या गाडीचे श्रेय स्वतःच्या मायेला देतो. खरे श्रेय त्या टॅक्सीवाल्यांचे आहे, ज्यांना ही गाडी कधी छंद वाटलीच नाही.

टॅक्सीच्या वयाला २००८ साली २५ वर्षांची मर्यादा आली, २०१३ साली ती २० वर्षांवर आणली गेली. ताडदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी. त्या हिशेबाने ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे संपली. वर्तमानपत्रांनी त्या दिवशी हळहळीचे मथळे दिले. छंदाच्या दृष्टीने त्या दिवशी घडले ते वेगळेच: गिऱ्हाईक संपले, म्हणून दुकानदाराने माल भरणे थांबवण्याची वेळ आली. फियाट नावाचा कारखाना पुणे जिल्ह्यातच, रांजणगावला आहे, पण पद्मिनीच्या दाराच्या रबराशी त्याचे काही देणेघेणे नाही.

गाडी घेताना इंजिन शेवटी पाहावे, पत्रा आधी. पद्मिनीला वेगळी चासी नाही. अंगच सांगाडा आहे, त्यामुळे तळ आणि दाराखालच्या पट्ट्या गंजल्या की दुखणे हाडापर्यंत गेलेले असते. खिशात लोहचुंबक ठेवावा. चाकांवरच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, हेडलाइटभोवतीचा भाग यांवरून तो फिरवला की जिथे तो धरत नाही तिथे पत्रा नसून पुट्टी आहे, हे कळते. वर चकाचक रंग असला तरी. मग गालिचा उचलून तळ पाहावा. ओलसर वास आला तर किंमत निम्म्यावर आणावी, नाहीतर निघावे.

इंजिन मात्र दयाळू आहे. १०८९ सीसी, चार सिलिंडर, एक कार्ब्युरेटर, पॉइंट आणि कंडेन्सर. गाडी मिसिंग मारू लागली तर बहुतेक वेळा पॉइंटची फट बिघडलेली असते, आणि फीलर गेज नसला तर मिस्त्री व्हिजिटिंग कार्डावर ती जुळवतो. ऑइल खाऊ लागली तर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकायचे. हे काम लेथवाला करतो. पुढच्या चाकांच्या किंगपिनला वेळेवर ग्रीस दिले नाही तर स्टिअरिंग जड होते आणि टायर एका कडेने झिजतात. स्टिअरिंगखालच्या हातगिअरचे बुश झिजले की गिअर अडकतो, तोही नेमका चौकात. चारही चाकांना ड्रम ब्रेक. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरायचे, ब्रेकवर विसंबायचे नाही.

या गाडीचा सगळ्यात प्रसिद्ध आजार चढाचा. मुरबाड, टोकावडे मागे पडून माळशेज सुरू झाला, वैशाखातली दुपार असली आणि पुढे ट्रकची रांग असली, की गाडी दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत चढते आणि मध्येच श्वास सोडते. पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला असतो. इंजिन तापले की पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंप वाफ ओढू शकत नाही. उपाय जुना आणि अचूक: बॉनेट उघडायचे, पंपावर ओले फडके गुंडाळायचे, पाच-दहा मिनिटे थांबायचे. अनुभवी मालक निघतानाच फडके बांधतो आणि पाण्याची बाटली जवळ ठेवतो. काही जण टाकीजवळ विजेवर चालणारा पंप बसवून हे दुखणे कायमचे मिटवतात. त्यांच्याकडे शुद्धतावादी तिरप्या नजरेने पाहतात. पण घाटात त्या शुद्धतावाद्यांची गाडी बहुधा ट्रेलरवर असते.

अलीकडे त्यात पेट्रोलची भर पडली आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आता देशभर आहे. इथेनॉल जुन्या पद्धतीचे रबर फुगवते आणि पाणी ओढून घेते. त्यामुळे पंपाचा डायफ्रॅम, नळ्या, कार्ब्युरेटरचे वॉशर लवकर जातात आणि महिनोन्महिने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. नळ्या नव्या जातीच्या रबराच्या घालाव्यात, गाडी दर आठवड्याला चालवावी. आळेफाट्याभोवतीचा जुन्नर-आंबेगाव हा उसाचा पट्टा, आणि इथेनॉल काही अंशी उसाचेच. वालचंदांनी साखरही काढली आणि मोटारही. दोघींचे असे वाकडे येईल, हे त्यांच्या स्वप्नातही नसेल.

बदल करण्याची परंपरा या गाडीइतकीच जुनी. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत, तेव्हा फियाटच्या इंजिनांवर कसून काम होई. टॅक्सीवाल्यांनी डिकीत सीएनजीची टाकी घातली, वर कॅरिअर ठोकले. आजचे हौशी लोक डायनॅमोऐवजी अल्टरनेटर बसवतात, पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावतात, हातगिअर काढून खाली दांडा आणतात. प्रीमियरच्याच ११८ एनई या गाडीतले निस्सानचे ११७१ सीसी इंजिन पद्मिनीत उतरवणे हा जाणकारांचा आवडता उद्योग. अल्टरनेटर आणि इग्निशन हे बदल शहाणपणाचे आहेत, कारण ते काढून गाडी पुन्हा मूळ रूपात आणता येते. पत्रा कापून केलेला बदल मात्र परत फिरत नाही.

इथे कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठणकावून सांगितले. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली गाडी विंटेज ठरते. तिला ‘व्हीए’ अक्षरांची नंबरप्लेट मिळते, नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षे. अट एवढीच की चासी, अंग किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. १९७४ च्या पद्मिनी नुकत्याच या उंबरठ्यावर आल्या आहेत. निस्सानचे इंजिन घातलेली त्यात बसणार नाही.

शिवाय व्हीए प्लेटची गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. पन्नास वर्षे रोज राबलेल्या गाडीला मान द्यायचा आणि तिचे राबणे बंद करायचे, हा नियम दिवाणखान्यातल्या मोटारींसाठी लिहिलेला दिसतो. श्रावणात माळशेजला जायचे असेल तर साधी फेरनोंदणीच बरी. पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीची ही फी २०२२ पासून ५ हजार रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी १० हजार. आयात केलेल्या गाडीला हाच आकडा ८० हजार; बाहेरून आलेल्या ई-३० च्या मालकाला पद्मिनीच्या आठपट. वर राज्याचा पर्यावरण कर. फेरनोंदणी दर पाच वर्षांनी.

पासिंगला जाताना कागद जुळणे फिटनेसइतकेच महत्त्वाचे. टॅक्सीची खासगी झालेली गाडी घेताना परमिट जमा केल्याची नोंद आरसीत आहे का, इंजिन बदलले असेल तर नवा नंबर चढवला आहे का, हे पैसे मोजण्याआधी पाहावे. चासी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासून ठसा घ्यावा लागतो. रंगकाम करताना पेंटर नेमक्या त्या जागी पुट्टी भरून मोकळा होतो आणि नंबर बुजतो. म्हणून गाडी रंगाला देताना त्या पट्टीवर टेप स्वतः लावून द्यावी.