गाळणीत सापडलेला चुरा

मागच्या लेखात टावीची, म्हणजे छाती न उघडता कॅथेटरने एओर्टिक झडप बसवण्याची पद्धत पाहिली. या उपचारात घरच्यांना सर्वांत जास्त धास्ती असते ती पक्षाघाताची, आणि ती निराधार नाही. उतारवयात कडक झालेली झडप कॅल्शियमने खडबडीत झालेली असते. टावीत ती काढून टाकत नाहीत. नवी झडप तिच्या आतच उघडते, जुनी कडेला चेपली जाते आणि तिचे कण सुटतात. मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांचे फाटे तिथून जवळच. २०११ च्या पार्टनर चाचणीत, जास्त जोखमीच्या रुग्णांत, पहिल्या तीस दिवसांत पक्षाघात किंवा त्याचा तात्पुरता झटका टावीनंतर ५.५ टक्के जणांना आला, शस्त्रक्रियेनंतर २.४ टक्के जणांना. २०१९ च्या पार्टनर-३ मध्ये चित्र पालटलं: पक्षाघात टावीनंतर ०.६, शस्त्रक्रियेनंतर २.४ टक्के. दरम्यान नळ्या बारीक झाल्या, डॉक्टरांचा हात बसला. पण हे दुसरे रुग्ण मुळातच कमी जोखमीचे होते, तेव्हा सगळं श्रेय तंत्राला देता येत नाही.

कण सुटतात तर वाटेत गाळणी लावा, हे कुणालाही पटेल. सेंटिनल नावाचं साधन उजव्या मनगटातून घालतात. त्याची एक जाळी उजवीकडच्या मुख्य फाट्यात आणि दुसरी डाव्या कॅरोटिड धमनीत उघडते. २०१७ च्या अभ्यासात बाहेर काढलेल्या जाळ्या तपासल्या, तर ९९ टक्के रुग्णांत काही ना काही अडकलेलं होतं: गुठळ्या, झडपेचे तुकडे, कॅल्शियम, धमनीच्या अस्तराचे पापुद्रे. एवढा चुरा पाहिल्यावर गाळणीशिवाय टावी करणं हा निष्काळजीपणाच वाटू लागतो. मला मात्र हा पुरावा अपुरा वाटतो, कारण रुग्णाला हवा असतो तो टळलेला पक्षाघात. २०२२ मध्ये ३,००० रुग्णांच्या चाचणीत गाळणीसह २.३ आणि गाळणीविना २.९ टक्के पक्षाघात झाले. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. २०२५ मध्ये ब्रिटनमधल्या ७,६३५ रुग्णांत तर २.१ आणि २.२. असं का व्हावं? टावीनंतर एमआरआय केला तर बहुतेकांच्या मेंदूत नवे बारीक डाग दिसतात, तरी लक्षणं थोड्यांनाच येतात. शिवाय डावी व्हर्टिब्रल धमनी या जाळ्यांच्या बाहेरच राहते.

यावर एक आक्षेप वजनदार आहे: २०२२ च्या चाचणीत अपंगत्व आणणारे पक्षाघात १.३ वरून ०.५ टक्क्यावर आले होते, त्याचं काय? ते मोजकेच होते, आणि मोठ्या ब्रिटिश चाचणीत तो फरक टिकला नाही: १.२ आणि १.४. दुसरा आक्षेप, अपाय नाही तर लावायला काय हरकत? उपचाराचा खर्च जिथे कुटुंबाच्या खिशातून जातो, तिथे ही हरकत छोटी नाही. लक्षणं न देणाऱ्या डागांचा पुढे स्मरणशक्तीवर काय परिणाम होतो, हा प्रश्न मात्र खुला आहे आणि त्याचा शोध चालू राहायलाच हवा.

तोवर लक्ष द्यायचं ते पहिल्या काही दिवसांकडे, कारण बरेचसे झटके तेव्हाच येतात. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, हात लुळा पडणं यांपैकी काहीही दिसलं की त्याच क्षणी वॉर्डात सांगायचं. पुढच्या महिन्यांत धोका वाढवतो तो एट्रियल फिब्रिलेशनचा अनियमित ठोका; म्हणून ईसीजी चुकवू नये. असा ठोका नसताना रक्त पातळ करणारी जादा औषधं खबरदारी म्हणून देणं घातक ठरू शकतं. गॅलिलिओ चाचणीत रिव्हरॉक्सॅबन घेणाऱ्यांत मृत्यू आणि रक्तस्राव दोन्ही जास्त आढळले, आणि ती मुदतीआधीच थांबवावी लागली.