मुळशीच्या दमट हवेत डीव्हीडी सांभाळायची तर

पौड, पिरंगुट, माले, कोळवण अशा गावांतल्या कपाटांत लग्नाच्या डीव्हीडी अजून सापडतात. सोबतची प्लॅस्टिकची डबी तडकलेली असते, मधले दात तुटलेले असतात, आणि तबकडी एखाद्या जुन्या पाकिटात नाहीतर कपड्यांच्या घडीत सरकवलेली असते. तिच्यावर साखरपुडे, जत्रा, शाळेची स्नेहसंमेलनं आहेत, आणि आता हयात नसलेली माणसं चालताबोलताना दिसतात. म्हणून तिला नीट घर हवं. ते घरी बनवता येतं. मात्र तबकडीला इजा कुठे आणि कशी होते, हे आधी कळलं पाहिजे.

डीव्हीडीचा व्यास 120 मिमी, जाडी 1.2 मिमी आणि मधलं भोक 15 मिमी. ही जाडी एकसंध नसते. पॉलिकार्बोनेटच्या 0.6 मिमीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि नोंद त्या दोहोंच्या मध्ये असते. त्यामुळे तबकडी वाकवली की तो सांधा ताणला जातो, आणि कडेने ओल शिरली तर तो सुटू शकतो. घरच्या कार्यक्रमांसाठी वापरतात त्या डीव्हीडी-आरमध्ये नोंद एका सेंद्रिय रंगद्रव्यात होते. त्या रंगाला ऊन सोसत नाही. जुनं लग्न व्हीसीडीवर असेल तर आणखी जपा. ती सीडीच असते. तिची नोंद नाव लिहायच्या बाजूलाच, लाखेच्या पातळ थराखाली असते. तिथे टोकदार पेनाने लिहिलं की थेट नोंदीलाच ओरखडा. दोन्ही प्रकारांत लिहायचंच असेल तर पाण्याच्या शाईच्या मऊ मार्करने, भोकाभोवतीच्या पारदर्शक कड्यावर लिहावं. चिकटपट्टीचं लेबल लावूच नये, कारण तबकडीचा तोल जातो आणि सोलताना थर उखडतो.

आता कागदी पाकीट. एक गुळगुळीत ए-फोर कागद पुरतो, गोंद लागत नाही. 297 × 210 मिमीचा कागद उभा ठेवा. डावी आणि उजवी कड प्रत्येकी 42 मिमी आत दुमडा, म्हणजे मध्ये 126 मिमी रुंदी उरते. खालून 115 मिमीवर आणि वरून 56 मिमीवर आडव्या घड्या पाडून उघडा. मधल्या 126 मिमीच्या चौकोनात तबकडी ठेवा, चकचकीत बाजू खाली सपाट कागदाकडे आणि लिहायची बाजू वर. बाजूच्या पट्ट्या तिच्यावर येतील. आता खालचा भाग वर दुमडा. त्याच्या वरच्या कडेला, कागद आणि आत गेलेल्या पट्ट्या यांच्यामध्ये फट दिसेल. वरच्या भागाचे कोपरे थोडे तिरके कापून तो भाग त्या फटीत सारा. पंचेचाळीस मिमी आत जातो, म्हणून पाकीट आपोआप उघडत नाही.

इथे एक मोह टाळायला हवा. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, 1940 पासूनची. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून होणारा तिथला कागद टिकाऊ आणि देखणा असतो. मला तो फार आवडतो, पण तबकडीला लागून नको. त्याचा खरखरीतपणा चकचकीत बाजू घासतो. बाहेरच्या आवरणाला तो उत्तम. वर्तमानपत्र तर कुठेच नको. त्याचा कागद आम्लयुक्त असतो आणि शाई सुटते.

पाकीट वर्ष-दोन वर्षांसाठी ठीक आहे. जपायची तबकडी कुठेच टेकू नये, फक्त मध्ये धरली जावी. त्यासाठी पुठ्ठ्याची पेटी. बाइंडर वापरतात तो 2 मिमी पुठ्ठा घ्या. 140 × 140 मिमीचे दोन चौकोन आणि 140 × 10 मिमीची एक पट्टी कापा. पट्टी पेटीचा कणा. पुठ्ठ्याला रेषा असते. तो एका दिशेने सहज वाकतो, दुसऱ्या दिशेने कमी. सहज वाकतो ती रेषा कण्याला समांतर ठेवा, नाहीतर पावसाळ्यात झाकण वळतं. चौकोन, कणा, चौकोन असे मांडून मध्ये चार-चार मिमीच्या फटी सोडा. त्या बिजागऱ्या. खाली कापड 328 × 170 मिमीचं, म्हणजे चारही बाजूंनी 15 मिमी दुमडायला उरतं. आजीच्या जुन्या सुती लुगड्याचा काठ याला शोभून दिसतो.

चिकटवायला गव्हाची खळ वापरू नका. ती कसर आणि बुरशी बोलावते. बाइंडर तिच्यात मोरचूद घालतात, पण ते विषारी, घरात कशाला? पांढरा फेविकॉल पातळ लावा, वजनाखाली दाबा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या पेटीत तबकडी ठेवली तर सगळी मेहनत उलटी फिरते. हे काम मार्च-एप्रिलमध्ये करावं. आषाढात मुळशीत पुठ्ठाच दमट असतो.

आता आतली पकड. डीव्हीडीत नोंद साधारण 45 मिमी व्यासाच्या बाहेर सुरू होते, आतला भाग यंत्राने धरायचा. म्हणून 33 मिमी व्यासाची, 2 मिमी जाडीची पुठ्ठ्याची चकती तळाच्या मधोमध चिकटवा. तिच्यावर हस्तकलेच्या दुकानात मिळणाऱ्या जाड फोमची 16 मिमी व्यासाची, 3 मिमी उंचीची गुंडी बसवा. भोक 15 मिमी असल्याने फोम किंचित दबतो आणि तबकडी घट्ट धरतो. चारी कडांना पुठ्ठ्याच्या 6 मिमी रुंदीच्या पट्ट्यांचे तीन थर लावा. भिंत 6 मिमी उंच होते आणि आत 128 मिमी जागा उरते. काढताना गुंडी बोटाने दाबायची आणि तबकडी कडेने उचलायची. वाकवायची नाही.

प्लॅस्टिकची डबी शाबूत असेल आणि फक्त मुखपृष्ठ हवं असेल, तर आडव्या ए-फोरवर 273 × 183 मिमीचा कागद बेता: पुढची बाजू 129.5, कणा 14, मागची 129.5. पुढे चि. आणि चि.सौ.कां. असतंच. मागे मात्र तारीख, गाव, तिथे दिसणाऱ्या वडीलधाऱ्यांची नावं, तबकडी दोनपैकी कितवी आणि चित्रीकरण किती वेळाचं, हे लिहा. पुढच्या पिढीला याचीच गरज पडते. कण्यावर निदान नाव आणि वर्ष असावं, म्हणजे उभ्या रांगेत हात लगेच पोचतो.

पेट्या उभ्याच ठेवा, एकावर एक नकोत. ताम्हिणीच्या बाजूला धुकं घरात शिरतं, म्हणून कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका आणि सिलिका जेलच्या पुड्या घाला. तांदूळ कोरडा दिसला तरी त्याने ओल फारशी ओढली जात नाही, वर भुसा तबकडीवर बसतो. तबकडी पुसायची तर मऊ सुती कापडाने, मधून कडेकडे सरळ. गोल फिरवून पुसू नका. नोंद गोलाकार मार्गाने वाचली जाते, त्यामुळे आडवा ओरखडा यंत्र भरून काढतं, पण मार्गाच्याच दिशेने गेलेला ओरखडा सलग माहिती गिळतो.

पेटी कितीही चांगली झाली तरी रंगद्रव्य हळूहळू झिजतंच. म्हणून बसवण्याआधी तबकडीची नक्कल हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. दर वर्षी दसऱ्याच्या आसपास, हवा कोरडी झाली की, तबकडी एकदा लावून पाहा. चित्र अडखळायला लागलं तर दुसरं यंत्रही वापरून बघा. काही वेळा एका ड्राइव्हला न वाचता आलेली तबकडी दुसऱ्याला वाचता येते.